सत्यनारायणाची तयार पेटी: खान्देशातल्या घराला कितपत पुरते?

श्रावण जवळ आला की जळगावच्या दाणाबाजारापासून धुळ्याच्या पाचकंदीलपर्यंत पूजासाहित्याच्या दुकानांत पुठ्ठ्याच्या भगव्या पेट्यांची चळत लागते. झाकणावर ॐ, विष्णूचं चित्र आणि 'संपूर्ण सत्यनारायण पूजा' अशी अक्षरं. ऑनलाइनही हाच माल मिळतो. लहान पेटी साधारण पाचशे रुपयांच्या घरात, तांब्या-ताम्हण-मूर्तीसकट मोठी हजार-दीड हजारापर्यंत. नोकरी करणाऱ्या जोडप्याला यादी घेऊन चार दुकानं फिरायला वेळ नसतो, त्यामुळे पेटीला गिऱ्हाईक आहे आणि त्यात गैर काही नाही.

निकाल आधीच सांगतो. पेटीतला सुका माल निम्माच कामाचा आहे, पोथी खान्देशातल्या घराला बहुतेक वेळा जशीच्या तशी चालत नाही, आणि 'संपूर्ण' हा शब्द खरा नाही. पाचपैकी दोन गुण. त्याच पैशांत ओळखीच्या दुकानातून यादीप्रमाणे माल बांधून घेतला तर पूजा चांगली होते. ज्या पूजेच्या देवाचं नावच सत्य आहे, तिचा माल खोटा असू नये, एवढी अपेक्षा ठेवूनच पुढचं लिहिलं आहे.

सुपारीपासून सुरुवात करू, कारण पूजा पहिल्यांदा तिथेच अडते. लहान पेट्यांत अकरा सुपाऱ्या असतात. मांडणीत गणपतीची एक, नवग्रहांच्या नऊ आणि अष्टदिक्पालांच्या आठ, म्हणजे इथेच अठरा झाल्या. कलशात एक आणि विड्यांवर पाच धरल्या तर चोवीस. गुरुजींनी नवग्रहांसोबतच्या अधिदेवता-प्रत्यधिदेवता मांडल्या तर आणखी अठरा. म्हणून तीस तरी हाताशी असाव्यात, मोठ्या मांडणीला पन्नास. पुण्याहवाचन चालू असताना पोराला कोपऱ्यावरच्या दुकानात पिटाळावं लागतं ते याच हिशेबामुळे. सुपारी घेताना भोक पडलेली काढून टाका. पेटीतली पुडी प्लॅस्टिकमध्ये बंद असल्याने किडकी सुपारी मांडणीच्या वेळीच हाती लागते.

अक्षतांच्या पुडीत कुंकवात घोळवलेली कणी निघते. अक्षता अखंड तांदळाच्या लागतात हे घरातलं लहान मूलही जाणतं. पाव किलो साधा तांदूळ निवडून, चिमूटभर कुंकू आणि दोन थेंब तूप लावून घरीच करा. पाणी लावलं तर दाणे चिकटतात आणि रंग चौरंगाच्या वस्त्रावर उतरतो.

कुंकू तपासायला पाण्याचं भांडं पुरे. पारंपरिक कुंकू हळकुंडाला लिंबाचा रस, टाकणखार (बोरॅक्स) आणि तुरटी लावून होतं. चिमूटभर पाण्यात सोडलं तर बरंचसं तळाशी बसतं. नुसता रंग घातलेल्या पुडीने पाणी लगेच गुलाबी होतं. असं कुंकू देवाला वाहून पुन्हा सवाष्णींच्या कपाळी लावायचं, म्हणजे त्वचेला खाज सुटण्याची भीती. कापूर जाळून पाहा. चांगला कापूर मागे काही ठेवत नाही, मेण मिसळलेल्या वडीचा काळपट डाग निरांजनात राहतो. कापूर उघड्यावर उडून जातो, त्यामुळे जुन्या पेटीतल्या वड्या बारीक झालेल्या दिसल्या तर माल वर्षभर पडून आहे असं समजा.

वस्त्रमाळ बघून मात्र वाईट वाटतं. काळ्या मातीच्या या पट्ट्यात घराघरात कापूस आहे, आणि पेटीतल्या वस्त्रमाळेत कृत्रिम धागा निघतो. टोकाला काडी लावली की कळतं: कापूस कागदासारखा वास देत जळतो आणि मऊ राख होते, कृत्रिम धागा वितळून त्याची कडक गाठ बनते. जानव्याचंही तेच, त्याचं सूत कापसाचंच हवं. ज्या घरात आजी अजून वाती वळते तिथे तिला दोन दिवस आधी सांगितलं तर वाती आणि वस्त्रं दोन्ही होऊन जातात, आणि शेजारी बसलेल्या नातवंडाला एक काम शिकायला मिळतं.

तुळशीच्या वाळलेल्या पानांची पुडी चालण्यासारखी आहे. तुळस आणि गंगाजल शिळं मानत नाहीत. पण सहस्र तुळशी वाहायचा संकल्प असेल तर पुडीतली पानं शंभरही भरत नाहीत आणि निम्मी चुरा झालेली असतात. पंचपल्लव म्हणून आंबा, वड, पिंपळ, उंबर अशा वाळक्या डहाळ्या पेटीत घालणं निरर्थक. ही झाडं बांधावर उभी आहेत. खांबासाठी केळीचे चार खुंट लागतात आणि ते खान्देशात विकत घ्यायची वेळ सहसा येऊ नये.

तुपाची पुडी उलटून मागची बारीक अक्षरं वाचा. बहुतेक ठिकाणी 'फक्त पूजेसाठी, खाण्यास अयोग्य' असं छापलेलं सापडेल. खाण्याच्या पदार्थावर अन्नसुरक्षेचा चौदा आकडी परवाना क्रमांक लागतो. तो नसेल तर ते तूप पंचामृतात घालायचं नाही आणि प्रसादात तर नाहीच. निरांजनात जाळा. हीच खबरदारी मधाच्या पुडीला. घाईत तुपाची पुडी पंचामृतात उघडणं ही पेटी वापरणाऱ्यांकडून होणारी सर्वांत वाईट चूक, कारण ते तीर्थ म्हणून सगळ्यांच्या, लहान पोरांच्याही पोटात जातं.

आता प्रसाद. कथेच्या पहिल्याच अध्यायात माप सांगितलं आहे: केळी, तूप, दूध, गव्हाचा रवा, साखर, सगळं सव्वा प्रमाणात एकत्र करावं; गहू नसेल तर तांदळाचं पीठ, साखर नसेल तर गूळ. अडलेल्याची सोय ग्रंथातच केली आहे, हे ध्यानात घेण्यासारखं आहे. मोठ्या पेट्यांत 'झटपट प्रसाद' म्हणून रवा, साखर आणि दुधाच्या भुकटीचं मिश्रण येतं. ते वापरू नका. भाजलेल्या रव्याचा वास त्याला येत नाही आणि गरम पाण्यात गुठळ्या होतात.

घरचा प्रसाद पंचवीस-तीस द्रोणांना पुरवायचा तर सव्वा पाव, म्हणजे साधारण ३१० ग्रॅम रवा घ्या. तेवढंच तूप, तेवढीच साखर, तेवढंच दूध आणि दोन-तीन केळी. शंभरेक माणसांना हेच सव्वा किलोने. जाड बुडाच्या पातेल्यात तूप तापलं की केळ्याचे काप आधी परतून घ्या, मग रवा घालून मंद आचेवर पंधरा-वीस मिनिटं गुलाबी रंगावर भाजा. दूध सव्वा मापच घेतलं तर रवा पुरता फुलत नाही, म्हणून दुधासोबत तेवढंच उकळतं पाणी घाला. झाकण ठेवून एक वाफ आणा. साखर सगळ्यात शेवटी. साखर आधी पडली तर दाणा आतून कडक राहतो आणि मग कितीही वाफ दिली तरी फुलत नाही. केळं फार पिकलेलं, काळं पडलेलं नको. शिरा चिकट होतो आणि दुसऱ्या दिवशी आंबूस लागतो. रावेर-यावलच्या पट्ट्यातलं ताजं केळं गावोगाव मिळत असताना केळ्याचा अर्क घालण्याचं काही कारण नाही.

पोथीवर जास्त बोलावं लागेल, कारण पेटीतला सर्वांत दुर्लक्षित भाग तोच. सोळा-वीस पानांची पातळ पुस्तिका असते. सुरत-इंदूरकडून येणाऱ्या पेट्यांत ती हिंदी किंवा गुजरातीवरून घाईत मराठी केलेली दिसते. कथा पाच अध्यायांची. पाचही आहेत का ते आधी मोजा. पान वाचवायला चौथा-पाचवा एकात कोंबलेला सापडतो.

संकल्पात तर घराचा पत्ताच चुकतो. संकल्प म्हणजे आपण कुठे बसलो आहोत, कधी बसलो आहोत, कोण आहोत आणि काय करणार आहोत याचा मोठ्याने केलेला उच्चार. मराठी पोथ्यांत 'दंडकारण्ये देशे गोदावर्याः दक्षिणे तीरे' असं छापलेलं असतं. पुण्या-साताऱ्याच्या घराला ते बरोबर आहे. जळगाव, धुळे, नंदुरबार गोदावरीच्या उत्तरेला, तेव्हा इथे 'उत्तरे तीरे' म्हणायला हवं. पेन घेऊन पोथीत दुरुस्ती करा, म्हणजे पुढच्या वेळी शोधावं लागणार नाही.

महिन्याचा घोळ त्याहून मोठा. उत्तरेकडच्या पोथ्यांत महिना पौर्णिमेला संपतो, आपल्याकडे अमावास्येला. शुक्ल पक्षात फरक पडत नाही, पण आपल्या श्रावण वद्यात तिकडचा भाद्रपद चालू असतो. अशा पोथीसोबत आलेल्या पंचांगावरून महिना उचलला तर संकल्पात चुकीचा महिना जातो. शकाचंही असंच: आपण शालिवाहन शक म्हणतो, तिथे विक्रम संवत छापलेला असतो. गुढीपाडव्यानंतर इसवी सनातून ७८ वजा केले की शक मिळतो, पाडव्याआधी ७९. संवत्सराचं नाव, अयन, ऋतू, तिथी, वार हे घरच्या दिनदर्शिकेतून आदल्या रात्री एका कागदावर लिहून ठेवा.

मग येतं 'अमुकगोत्रः अमुकशर्मा'. वाचणारा घाईत 'अमुक'च वाचून मोकळा होतो. तिथे आपलं गोत्र आणि आपलं नाव घ्यायचं असतं. गोत्र ठाऊक नसेल तर काश्यप म्हणण्याचा प्रघात आहे. 'शर्मा' हे ब्राह्मणाच्या नावापुढचं पद सगळ्यांसाठी सरसकट छापलेलं असतं. ते न लावता नुसतं नाव घेतलं तरी संकल्पात उणं काही राहत नाही. लेवा पाटीदार, मराठा, गुजर, कोळी, माळी, कुणाच्याही घरात ही पूजा त्याच्या स्वतःच्या नावाने व्हावी. आपण कोण, हे देवासमोर सांगायची जागा पोथीने दिलेली असताना ती 'अमुक' म्हणून रिकामी सोडणं फार खटकतं. आज हिंदू म्हणून ओळख मोठ्या आवाजात सांगितली जाते, गाड्यांवर लिहिली जाते. पण आपलं गोत्र काय, कुलदैवत कोणतं, घराची नदी कोणती, हे विचारलं तर पुष्कळ घरांतली तरुण मंडळी वडिलांकडे बघतात. संकल्पाचा तो कागद मुलाकडून किंवा मुलीकडून लिहवून घ्या.

प्रत्येक अध्यायाच्या शेवटी 'इति श्रीस्कंदपुराणे रेवाखंडे' येतं. रेवा म्हणजे नर्मदा, आणि ती नंदुरबार जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून वाहते. कथा आपल्या शेजारच्या नदीचं नाव घेते आहे, तर ती नीट, सावकाश वाचली जावी. पेटीतल्या पोथीत ती इतकी कापलेली असते की कथेतल्या साधुवाणी नावाच्या व्यापाऱ्याला शिक्षा का झाली हेच कळत नाही. त्याने अपत्य झालं तर पूजा करीन असं कबूल केलं, मुलगी कलावती झाली तेव्हा तिच्या लग्नात करू म्हणाला, आणि लग्नाच्या वेळीही विसरला. पुढे दंडी संन्याशाने नावेत काय आहे विचारलं तर 'वेली आणि पानं' असं खोटं सांगितलं. दिलेला शब्द मोडणं आणि खोटं बोलणं, कथेतला अधर्म हा एवढा रोजचा आहे. उधारी बुडवणारा, मापात मारणारा, ठेक्यात सिमेंट कमी घालणारा माणूस ही कथा हात जोडून ऐकतो, तेव्हा ती त्याच्याबद्दलच असते. कापलेल्या पोथीत नेमका हा भाग जातो आणि 'पूजा केली, भरभराट झाली' एवढंच उरतं.

पाचवा अध्याय सोडू नका. तुंगध्वज राजा शिकारीहून येताना वडाखाली गुराखी पूजा करताना पाहतो. गर्वाने नमस्कार करत नाही, त्यांनी पुढे ठेवलेला प्रसाद टाकून जातो, आणि सर्वस्व गमावतो. परत येऊन गुराख्यांसोबत पूजा करतो आणि प्रसाद घेतो तेव्हाच सुटतो. दुसऱ्या अध्यायात व्रत एका गरीब ब्राह्मणाकडून लाकूडविक्याकडे जातं, तेही पाणी प्यायला दारात थांबल्यामुळे. अशी कथा ज्या घरात वाचली, त्या घरात कामवाल्या बाईला प्रसाद मागच्या दाराने द्यायचा, शेतमजुराला वेगळ्या पंगतीत बसवायचं, हे चालणार नाही. अमळनेरला शिक्षक राहिलेल्या साने गुरुजींनी पंढरपूरचं मंदिर हरिजनांना खुलं व्हावं म्हणून १९४७ च्या मे महिन्यात उपोषण केलं. त्याआधी १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी रविवारी गीतेवर बोलायला सुरुवात केली, २१ फेब्रुवारी ते १९ जून, अठरा रविवार अठरा अध्याय, आणि ते सगळं उतरवून घेणारे साने गुरुजीच होते. धर्माचा विचार या मातीत तुरुंगाच्या भिंतीआडही झाला आहे. पेटी पुरवणाऱ्यांनी निदान पाच अध्याय पूर्ण छापावेत.

काही पेट्यांसोबत गुरुजींची सेवा जोडलेली असते, प्रत्यक्ष किंवा व्हिडिओ कॉलवर. प्रत्यक्ष येणार असतील तर दोनच गोष्टी आधी विचारा: पूजा किती वेळाची, आणि कथा मराठीत अर्थासह सांगणार का. नीट पूजेला दोन-अडीच तास लागतात. पाऊण तासात आटोपणाऱ्याकडे त्याच दिवशी पुढच्या घरांची यादी असते. व्हिडिओ कॉलची पूजा दूरदेशी असलेल्यांना ठीक. पण फोन चौरंगावर टेकवू नका, यजमानाच्या डाव्या हाताला उंचावर ठेवा, म्हणजे गुरुजींना मांडणी आणि हात दोन्ही दिसतात. नेट तुटलं तर कुठून सुरू करायचं ते आधी ठरवून घ्या.

नोंदणी करताना 'जोडपंच बसलं पाहिजे' अशी अट घालणाऱ्या सेवा आहेत. कथेतच याचं उत्तर आहे. साधुवाणी आणि जावई कैदेत असताना साधुवाण्याची बायको लीलावती हिने घरी, नवऱ्याविना, आप्तांना बोलावून हे व्रत केलं आणि त्याचं फळ म्हणून दोघं सुटले. एकटी बाई, विधवा बाई यजमान म्हणून बसू शकते याला याहून वेगळा आधार कशाला हवा? अट घालणाऱ्याला हा अध्याय दाखवा, आणि तरी ऐकत नसेल तर दुसरे गुरुजी शोधा.

पेटीत जे मावत नाही त्याबद्दल थोडं. सत्यनारायण देशभर होतो, म्हणून त्याची पेटी निघते. खान्देशातल्या घराचा कुळाचार मात्र कानबाई देवीचा आहे. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी तिची स्थापना होते. तिच्या नैवेद्याच्या रोटांसाठी घरातल्या माणसांच्या नावाने सव्वा-सव्वा मूठ गहू आणि हरभऱ्याची डाळ घेतात, त्याचं दळण वेगळं दळतात. भाऊबंद एका घरी जमतात, रात्री अहिराणी गाणी, सकाळी मिरवणूक आणि नदीवर विसर्जन. रोट घरातल्यांनीच खायचे आणि पौर्णिमेच्या आत संपवायचे. मुंबई-पुण्याला, सुरतेला गेलेली माणसं यासाठी गावी येतात, कारण नावाची मूठ पडायची असते. काही घरांत फक्त पुरुषांची नावं मोजतात. मुलीच्या नावाने मूठ टाकायला कुठली पोथी आड येत नाही, आणि घरातल्या वडीलधाऱ्या बाईने एकदा टाकली की पुढच्या वर्षापासून तीच रीत होते. आता काही दुकानदार रोटाचं तयार पीठ ठेवण्याचं बोलतात. ते घेऊ नये. मूठ मोजणं हाच यातला मुख्य भाग आहे आणि तो पिठाच्या पिशवीत येत नाही.

तरीही वेळ नसेल आणि पेटीच घ्यायची असेल, तर लहान घ्या. मोठीतला तांब्या इतका पातळ असतो की नारळ ठेवला की कलंडतो, आणि घरात तांब्या-ताम्हण असतंच. दुकानात उभं राहून झाकणाची बाजू वाचा: छापील किंमत, आतल्या वस्तूंची यादी आणि वजन, उत्पादकाचा पत्ता, उत्पादनाचा महिना, तक्रारीसाठी क्रमांक. हे छापणं कायद्याने बंधनकारक आहे. नसेल तर पेटी खाली ठेवा. घरी आणल्यावर पूजेच्या चार दिवस आधी उघडून यादीशी ताडून बघा आणि बिल जपून ठेवा. माल कमी निघाला आणि दुकानदार ऐकत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक मदतक्रमांक १९१५ आहे. सोबत वीस सुपाऱ्या, पाव किलो अखंड तांदूळ, घरचं तूप, कापसाची वस्त्रं, विड्याची पंचवीस पानं आणि एक पूर्ण पोथी वेगळी घ्या. पूजा झाल्यावर निर्माल्यातून प्लॅस्टिकच्या पुड्या आणि कृत्रिम माळ आधी वेगळी काढा. फुलं-पानं झाडाच्या बुंध्याशी खड्ड्यात घाला, तापी-गिरणेत टाकू नका.